घरात एक संगणक, वापरणारे चौघे: फाइलला कुलूप कुठलं लावावं?

आमचा संगणक हॉलमध्ये, खिडकीशेजारच्या टेबलावर. त्यावर मी घरून लोकांची आयकर विवरणपत्रं भरते, थोरला कॉलेजचे प्रोजेक्ट करतो, धाकटी दहावीच्या क्लासचे व्हिडिओ बघते आणि सासरे महिन्यातून एकदा ‘जरा ते पेन्शनचं छापून दे’ म्हणतात. जुलै महिन्यात माझ्याकडे तीस-चाळीस जणांचे फॉर्म १६, पॅन आणि बँकेची स्टेटमेंटं साठलेली असतात. दोन वर्षांपूर्वी धाकटीने गेमसाठी जागा करायची म्हणून डी ड्राइव्हवरचा ‘जुनं’ नावाचा फोल्डर शिफ्ट-डिलीट करून टाकला. त्यात जुनं काहीच नव्हतं. तिला तरी काय बोलणार, फोल्डरला ते नाव मीच दिलं होतं.

त्यानंतरच्या सुट्टीत मी घरच्या संगणकावर फाइल खासगी ठेवायचे जेवढे उपाय ऐकून होते, तेवढे एकेक करून लावून पाहिले. काही आधीपासून वापरात होते, एकाने पूर्वी हात पोळला होता. सासऱ्यांनी विचारलंच, ‘घरातल्या घरात काय लपवायचं?’ माझं उत्तर सोपं होतं: त्यातलं माझं असं काहीच नाही, सगळं दुसऱ्यांचं आहे. पण आपलं स्वतःचं खासगी असलं तरी बिघडत नाही. सोळा वर्षांच्या मुलीची डायरी, आजारपणाचे रिपोर्ट, नव्या नोकरीसाठी केलेले अर्ज, यांना घरातसुद्धा आडोसा लागतो.

खालचं बहुतेक सगळं विंडोज १० आणि ११ ला धरून आहे. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

आधी ठरवा, कोणापासून?

कुलूप निवडताना लोक कुलपाकडे बघतात. बघायचं असतं दाराकडे येणाऱ्याकडे. आपल्या घरात असे तीन जण असू शकतात. एक, ज्याचा हात चुकून लागतो: लहान मूल, सासरे, पाहुणे आलेला भाचा. दुसरा, जो मुद्दाम डोकावतो आणि ज्याला संगणक बऱ्यापैकी कळतो. तिसरा घरातला नसतोच: संगणक दुरुस्तीला गेला, चोरीला गेला किंवा हार्ड डिस्क न पुसता विकला गेला, की ज्याच्या हाती पडेल तो.

आणि यांत न मोजलेला चौथा म्हणजे आपण स्वतः, सहा महिन्यांनी पासवर्ड विसरलेले. माझ्या पाहण्यात घरच्या फाइल जेवढ्या या चौथ्याने घालवल्या, तेवढ्या पहिल्या तिघांनी मिळूनही घालवल्या नसतील.

लपवलेला फोल्डर

यावर फार वेळ घालवत नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘हिडन’वर खूण केली की तो दिसेनासा होतो, आणि फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतून लपलेल्या वस्तू दाखवायला सांगितलं की पुन्हा दिसतो. झाकली मूठ, पण उघडायला दोन क्लिक.

याचीच एक सजवलेली आवृत्ती म्हणजे नोटपॅडमध्ये एक बॅच फाइल लिहून बनवायचं ‘लॉकर’. कॉलेजच्या पोरांमध्ये ही युक्ती कित्येक वर्षं फिरते आहे. ती पासवर्ड विचारते, त्यामुळे खरी वाटते. पण ती करते एवढंच की फोल्डरचं नाव बदलून तो कंट्रोल पॅनेलसारखा दिसेल असं करते आणि त्याला लपवते. पासवर्ड त्याच बॅच फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. उजवी क्लिक, ‘एडिट’, आणि समोर पासवर्ड. थोरल्याने आठवीत असताना हे केलं होतं आणि मी ते चहा उकळेपर्यंत उघडलं होतं.

‘फोल्डर लॉक’ छापाची फुकट सॉफ्टवेअरं वापरण्याआधी एकच चौकशी करा: फाइल खरोखर एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिचा मजकूरच सांकेतिक होतो, की फक्त नजरेआड होते? उत्तर स्पष्ट मिळालं नाही तर सोडून द्या. विंडोजमध्ये ‘या फोल्डरला पासवर्ड लाव’ असं साधं बटण का नाही, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. मायक्रोसॉफ्टने जुलै २००६ मध्ये ‘प्रायव्हेट फोल्डर १.०’ नावाचं असं साधन काढलंही होतं. कार्यालयांमधल्या संगणक सांभाळणाऱ्यांनी ओरड केली की कर्मचारी पासवर्ड विसरले तर फाइल आम्ही कुठून आणायच्या, आणि काही दिवसांतच ते मागे घेतलं गेलं. म्हणजे तिथेही चौथा माणूसच आडवा आला.

वेगळं खातं: निम्म्याहून जास्त काम इथेच होतं

बऱ्याच घरांत संगणकावर एकच खातं असतं आणि प्रत्येकाचं क्रोमचं प्रोफाइल तेवढं वेगळं. वर गोल चित्र वेगळं दिसतं म्हणून सगळे निर्धास्त. पण क्रोमचं प्रोफाइल ही बुकमार्क आणि लॉग-इन वेगळे ठेवायची सोय आहे. त्याला स्वतःचं कुलूप नाही. चित्रावर क्लिक केलं की तुमची उघडी जीमेल समोर.

विंडोजचं वेगळं खातं ही गोष्ट निराळी. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, त्यात ‘अदर युजर्स’, तिथून प्रत्येकाला खातं काढून द्यायचं. प्रत्येक खात्याला सी ड्राइव्हवरच्या ‘युजर्स’ फोल्डरमध्ये आपलं घर मिळतं: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, सगळं त्यात. या घरात शिरायची परवानगी तीनच जणांना: त्या खात्याला, खुद्द विंडोजला आणि ॲडमिनला, म्हणजे संगणकावरचे सगळे अधिकार असलेल्या खात्याला. धाकटीने तिच्या साध्या, म्हणजे ‘स्टँडर्ड’ खात्यातून माझा फोल्डर उघडायला घेतला तर विंडोज नाही म्हणतं आणि ॲडमिनचा पासवर्ड मागतं. फुकट, आधीपासून आत असलेलं, आणि स्थानिक, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ईमेलशी न जोडलेल्या, खात्याचा पासवर्ड विसरला तर ॲडमिन नवा देऊ शकतो, फाइल जागच्या जागी. चुकून लागणाऱ्या हातासाठी याहून जास्त काही लागत नाही.

आता यातल्या दोन भेगा. आपल्याकडच्या घरांत त्या हमखास असतात.

पहिली भेग म्हणजे डी ड्राइव्ह. आपल्याकडे संगणक जुळवून देणारा दुकानदार हार्ड डिस्कचे सी, डी आणि कधी ई असे भाग पाडून देतो आणि जाताना बजावतो, ‘महत्त्वाचं सगळं डीवर ठेवा, फॉरमॅट मारला तरी जाणार नाही.’ सल्ला फॉरमॅटपुरता बरोबर आहे. पण वर सांगितलेली परवानगीची भिंत फक्त ‘युजर्स’ फोल्डरमधल्या आपापल्या घराभोवती असते. डी ड्राइव्हवर नवा फोल्डर केला की विंडोजच्या मूळ मांडणीप्रमाणे त्या संगणकावर लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकाला तो वाचता येतो, बदलता येतो आणि पुसताही येतो. घरात चार खाती आहेत, प्रत्येकाला पासवर्ड आहे, आणि सगळ्यांच्या फाइल डीवरच्या ओसरीत पडलेल्या आहेत, असं चित्र मी किमान पाच-सहा घरांत पाहिलंय. माझ्याही.

उपाय आहे. डीवर आपल्या नावाचा फोल्डर करा; उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘ॲडव्हान्स्ड’. तिथे ‘डिसेबल इनहेरिटन्स’ दाबलं की विंडोज विचारतं, वरून आलेल्या परवानग्या ठेवू की काढू. ठेवा म्हणायचं, मग यादीतून ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ आणि ‘युजर्स’ या दोन ओळी काढायच्या आणि आपलं खातं ‘फुल कंट्रोल’ देऊन घालायचं. ‘सिस्टम’ आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ या ओळी राहू द्या, नाहीतर पुढे बॅकअप आणि दुरुस्तीच्या वेळी आपणच अडकतो. हे सगळं एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवरच चालतं. पेन ड्राइव्ह बहुधा एफएटी ३२ किंवा एक्सफॅट असतात. त्यांना परवानगी हा प्रकारच ठाऊक नाही.

दुसरी भेग ॲडमिन. विंडोजवर पहिलं उघडलेलं खातं ॲडमिन असतं, आणि घरात ते बहुधा त्याचं असतं ज्याला संगणक सगळ्यात जास्त कळतो. म्हणजे नेमका तोच, ज्याला डोकावणं सगळ्यात सोपं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. ॲडमिनने दुसऱ्याचा फोल्डर उघडला की विंडोज एक सूचना दाखवतं: परवानगी नाही, ‘कंटिन्यू’ दाबलंत तर कायमची मिळेल. दाबलं की दार उघडं, तेही दर वेळी नव्याने न विचारता. एक गंमत मात्र आहे: त्या फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’ यादीत त्या ॲडमिनचं नाव चिकटून राहतं. कोणी डोकावलं का हे बघायचं असेल तर तिथे बघावं.

म्हणून माझा आग्रह असा की रोजच्या वापरातलं एकही खातं ॲडमिन नसावं, आपलं स्वतःचंसुद्धा. ‘देखभाल’ नावाचं वेगळं ॲडमिन खातं करायचं आणि बाकी सगळी ‘चेंज अकाउंट टाइप’मधून स्टँडर्ड करायची. देखभालीचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात, दागिन्यांच्या खणात. नवं सॉफ्टवेअर टाकताना तो विचारला जातो, एवढाच त्रास. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने त्या पासवर्डचे दोन तुकडे केलेत, पहिला अर्धा तिला ठाऊक, दुसरा त्याला. हसू येतं, पण पद्धत चोख आहे.

ईएफएस: जिने माझा हात पोळला ती

विंडोजच्या प्रो आवृत्तीत फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ दाबलं की ‘एन्क्रिप्ट कंटेंट्स टू सिक्युअर डेटा’ अशी ओळ दिसते. ही ईएफएस, म्हणजे एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टम; विंडोज २००० पासून आहे. होम आवृत्तीत ती ओळ फिकट असते, दाबता येत नाही. तुमच्याकडे काय आहे ते सेटिंग्जमधल्या ‘सिस्टम’, ‘अबाउट’मध्ये दिसेल. दुकानातून घेतलेल्या बहुतेक घरगुती लॅपटॉपांवर होमच असतं, त्यामुळे अनेकांचा निर्णय इथेच आपोआप होतो.

प्रो असेल तर कागदावर हा उपाय सगळ्यांत सुबक. वेगळा पासवर्ड लक्षात ठेवायचा नाही. तुमच्या खात्यात तुम्ही शिरलात की फाइल नेहमीसारखी उघडते, दुसऱ्या खात्यातून उघडत नाही. ॲडमिनने ‘कंटिन्यू’ दाबून फोल्डरमध्ये पाऊल टाकलं तरी आतली फाइल वाचता येत नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तरी नाही.

पण ही किल्ली एका प्रमाणपत्राच्या रूपात तुमच्या खात्यात, सी ड्राइव्हवर असते. विंडोज ७ च्या काळात मी डीवरचा कामाचा फोल्डर असा एन्क्रिप्ट केला. फाइलींची नावं हिरवी झाली, फार छान वाटलं. पुढे संगणक बिघडला, कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने सी फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं, ‘डीला हात लावला नाही बघा’ म्हणाला. खरंच लावला नव्हता. हिरव्या फाइल जशाच्या तशा होत्या, आणि एकही उघडत नव्हती. नव्या विंडोजमध्ये मी त्याच नावाचं खातं, तोच पासवर्ड ठेवला, उपयोग शून्य. प्रमाणपत्र सीबरोबर पुसलं गेलं होतं. ॲडमिनने तुमच्या स्थानिक खात्याचा पासवर्ड जबरदस्तीने बदलला तरी हीच गत होते.

पहिली फाइल एन्क्रिप्ट झाल्यावर विंडोज किल्लीची प्रत काढून ठेवायला सुचवतं. ती सूचना बंद करू नका. प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह संगणकाच्या टेबलाच्या खणात सोडून कुठेही ठेवा. आणखी एक: ईएफएसची फाइल तुम्ही स्वतः एक्सफॅट पेन ड्राइव्हवर कॉपी केली तर ती तिकडे उघडी होऊ शकते.

बिटलॉकर: चांगलं, पण वेगळ्याच कामाचं

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. ‘बिटलॉकर चालू आहे, म्हणजे माझ्या फाइल सुरक्षित’ हे वाक्य संगणक बंद असेपर्यंत खरं. बिटलॉकर आख्खी ड्राइव्ह एन्क्रिप्ट करतं. संगणक सुरू झाला, ड्राइव्ह उघडली, की ती चौघांनाही उघडलेली असते. तिथून पुढे कोणाला काय दिसेल हे पुन्हा खाती आणि परवानग्याच ठरवतात. सोसायटीच्या मुख्य फाटकासारखं समजा. फाटकामुळे बाहेरचा थांबतो, शेजारचा नाही.

म्हणून त्याला नावं ठेवायची नाहीत. वेगळ्या खात्यांची भिंत विंडोज चालू असताना विंडोजच उभी करतं. कोणी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली, तर त्या परवानग्या बघायला तिथे कोणी नसतं, सगळं उघडं. ती वाट बिटलॉकर बंद करतं. खातं आणि बिटलॉकर हे एकमेकांचे पर्याय नव्हेत, जोडीदार आहेत.

होम आवृत्तीत पूर्ण बिटलॉकर नाही, पण अनेक नव्या लॅपटॉपांवर त्याचंच साधं रूप ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणून मिळतं. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून, नवं विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की ते बहुधा न विचारता चालू होतं. याची ४८ आकडी रिकव्हरी की ज्याच्या खात्याने संगणक पहिल्यांदा सुरू केला त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. ते खातं कोणाचं आहे हे आजच विचारा. दुकानातल्या पोराने ‘तात्पुरतं’ म्हणून स्वतःचं ईमेल टाकलेलं असतं, असंही सापडतं.

चारही माणसांपुढे कोण टिकतं

| उपाय | घरातलं दुसरं साधं खातं | ॲडमिन | डिस्क काढून नेणारा | आपण पासवर्ड विसरलो तर |
|---|---|---|---|---|
| हिडन, बॅच ‘लॉकर’ | उघडेल | उघडेल | उघडेल | काही बिघडत नाही, हाच त्याचा गुण |
| वेगळं खातं, फाइल स्वतःच्या घरात | नाही | उघडेल | उघडेल | ॲडमिन नवा पासवर्ड देतो |
| वेगळं खातं, फाइल डीवर तशीच | उघडेल, पुसेलही | उघडेल | उघडेल | प्रश्नच नाही |
| ईएफएस, फक्त प्रो | नाही | वाचता येत नाही | नाही | किल्लीची प्रत नसेल तर गेल्या |
| फक्त बिटलॉकर | परवानगीवर अवलंबून | उघडेल | नाही | ४८ आकडी रिकव्हरी की |
| व्हेराक्रिप्ट, बंद असताना | नाही | नाही | नाही | गेल्या |
| सेव्हन-झिप, पासवर्डसह | नाही | नाही | नाही | गेल्या |

व्हेराक्रिप्ट आणि सेव्हन-झिप काय आहेत ते लगेच पुढे येतं. ‘नाही’ म्हणजे वाचता येत नाही. पुसता येणं वेगळं. ॲडमिन कुठलीही फाइल पुसू शकतो, मग ती कितीही घट्ट एन्क्रिप्ट केलेली असो. बॅकअपला पर्याय नाही.

व्हेराक्रिप्ट की सेव्हन-झिप?

ॲडमिनवरही विश्वास टाकायचा नसेल आणि विंडोज होम असेल, तर खरी निवड या दोघांत उरते. दोन्ही फुकट, दोन्ही खुल्या स्रोताची.

व्हेराक्रिप्ट २०१३ मध्ये ट्रूक्रिप्टच्या पायावर सुरू झालं. ट्रूक्रिप्ट पुढल्याच वर्षी बंद पडलं. तुम्ही त्यात एक डबा बनवता, समजा ५ जीबीचा. बाहेरून ती एकच मोठी फाइल दिसते. व्हेराक्रिप्टमध्ये पासवर्ड देऊन ती ‘माउंट’ केली की ‘पी’ किंवा ‘एक्स’ अशी नवी ड्राइव्ह उगवते. तिथे नेहमीसारखं काम करायचं. एक्सेल थेट तिथेच उघडतं, तिथेच सेव्ह होतं. काम झालं की बंद, ड्राइव्ह गायब. माझ्यासारखीला, जिला दिवसात दहा वेळा त्याच फाइल उघडाव्या लागतात, हे फार सोयीचं.

एकाच संगणकावर अनेक खाती असताना मात्र एक खोच आहे, आणि व्हेराक्रिप्टच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेत ती लिहिलेली आहे: उघडलेला डबा त्या वेळी लॉग-इन असलेल्या सगळ्या खात्यांना दिसतो. म्हणजे मी डबा उघडा ठेवून स्वयंपाकघरात गेले, मुलाने ‘स्विच युजर’ करून त्याचं खातं उघडलं, तर त्याच्या ‘धिस पीसी’मध्येही माझी एक्स ड्राइव्ह हजर. हे मी करून पाहिलं, तेव्हा जरा दचकलेच. सेटिंग्जमध्ये स्क्रीन लॉक झाल्यावर, लॉग-ऑफ केल्यावर आणि ठरावीक मिनिटं वापर नसल्यावर डबा आपोआप बंद करायची सोय आहे. त्या तिन्ही खुणा पहिल्याच दिवशी करा, आणि उठताना विंडोज की आणि एल दाबायची सवय लावा. पासवर्ड तात्पुरता लक्षात ठेवायची ‘कॅशे’ची सोय बंदच ठेवा, तीही सगळ्या खात्यांत सामायिक असते.

डब्याचा आकार आधी ठरवावा लागतो, नंतर वाढवायचा तर उस्तवार. आणि सगळं एकाच फाइलमध्ये असल्याने ती खराब झाली की सगळंच गेलं. मी दर शनिवारी बंद डबा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करते.

सेव्हन-झिपची जात वेगळी. फोल्डरवर उजवी क्लिक, ‘ॲड टू अर्काइव्ह’, प्रकार सेव्हन-झेड, पासवर्ड, आणि ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर खूण. ही शेवटची खूण विसरलात तर फाइलीतला मजकूर झाकलेला राहतो, पण नावं उघडी पडतात, आणि ‘सोनोग्राफी_रिपोर्ट’ एवढं नाव वाचूनही पुष्कळ कळतं. झिप प्रकार निवडलात तर पद्धत एईएस-२५६ आहे ना ते बघा. जुनी झिपक्रिप्टो पद्धत कच्ची आहे.

हे बांधून माळ्यावर टाकायच्या वस्तूंसाठी उत्तम: संपलेल्या वर्षांची विवरणपत्रं, जुने करार. रोजच्या कामाला नाही. आतली फाइल उघडली की सेव्हन-झिप तिची उघडी प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढतं. मध्येच वीज गेली तर ती तिथेच राहते. शिवाय झिप केल्यावर मूळ फोल्डर पुसायला लोक हमखास विसरतात. कुलूपबंद पेटी आणि तिच्या शेजारी तेच सामान उघड्यावर.

थेट एक्सेल किंवा वर्डच्या फाइललाच पासवर्ड लावायचा असेल तर ‘फाइल’, ‘इन्फो’मधलं ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ वापरा. २००७ पासूनच्या ऑफिसमध्ये ते खरं एन्क्रिप्शन आहे. ‘प्रोटेक्ट शीट’ हे ते नव्हे. त्याने फक्त चुकून आकडे बदलले जात नाहीत. लिबरऑफिसमध्ये सेव्ह करतानाच ‘सेव्ह विथ पासवर्ड’ची खूण असते. दोन-चार फाइली असतील तर एवढंच पुरे, डबे करायची गरज नाही.

आणि जाता जाता, पीडीएफच्या पासवर्डवर घरात भिस्त ठेवू नका. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. आयकराच्या वार्षिक माहितीपत्राचा पासवर्ड म्हणजे पॅन आणि जन्मतारीख. हे बाहेरच्यासाठी ठीक आहे. आपलं नाव आणि जन्मवर्ष माहीत नाही असा माणूस आपल्या घरात कोण आहे? आधार वगैरे तर संगणकावर ठेवायचं कारणही नसतं, डिजिलॉकरमधून हवं तेव्हा काढता येतं.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर खाती वेगळी असली की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे फोल्डर इतरांना बंद असतात. ‘पब्लिक’ फोल्डर मात्र मुद्दाम उघडा असतो, तिथे खासगी काही टाकू नका. फाइलव्हॉल्ट हे तिकडचं बिटलॉकर समजा. डब्यासाठी काही उतरवायची गरज नाही, डिस्क युटिलिटीतून पासवर्ड असलेली डिस्क इमेज बनते.

उबुंटूमध्ये २१.०४ च्या आधी मूळ मांडणीत एकाचं होम फोल्डर दुसऱ्याला वाचता येत असे. २१.०४ पासून नव्या खात्यांना ते बंद आहे. पण जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करत आलेल्यांनी आपलं होम एकदा तपासावं आणि परवानगी बदलणाऱ्या ‘सीएच-मॉड ७००’ या आज्ञेने ते बंद करून टाकावं. सुडो, म्हणजे ॲडमिनचे अधिकार वापरू देणारी आज्ञा, ज्याच्या हातात, तो इथला ॲडमिन. वरचं सगळं त्याला लागू.

मग कोणी काय घ्यावं

घरात लहान मुलं आणि मोठी माणसं आहेत, कोणी डोकावणारं नाही, भीती फक्त चुकीच्या हाताची: चार स्टँडर्ड खाती, एक देखभालीचं, डीवरच्या फाइल ज्याच्या त्याच्या घरात. सगळ्यांना लागणारं, लग्नाचे फोटो, वीजबिलं, ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये. अर्ध्या तासाचं काम. याच्या पुढे जायची गरज बहुतेकांना नाही, आणि उगाच गेलात तर तो चौथा माणूस आहेच टपलेला.

लॅपटॉप घराबाहेर जातो किंवा दुरुस्तीला देऊन यायची वेळ येते: वरच्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर जोडा, रिकव्हरी की कागदावर छापा.

ॲडमिन दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे आणि ते बदलणं शक्य नाही, किंवा फाइल दुसऱ्यांच्या आहेत: व्हेराक्रिप्टचा छोटा डबा. एक कबूल करते, ज्याच्याकडे ॲडमिन आहे त्याने ठरवलंच तर टाइप केलेलं टिपणारं सॉफ्टवेअर तो टाकू शकतो, आणि मग डबाही हरतो. घरात संशय त्या थराला गेला असेल तर सामायिक संगणकावर ती फाइल ठेवूच नये.

ईएफएस मी कोणाला सुचवत नाही. प्रो आहे, किल्लीची प्रत काढायची शिस्त आहे, अशी माणसं आहेत. ती मला विचारायला येत नाहीत.

माझी मांडणी शेवटी अशी झाली: माझं स्टँडर्ड खातं, डिव्हाइस एन्क्रिप्शन, चालू वर्षाचं काम ५ जीबीच्या डब्यात, मागची वर्षं सेव्हन-झेडमध्ये. सगळं लावून झाल्यावर थोरल्याला म्हटलं, तुझ्या खात्यातून माझ्या कामाची एक तरी फाइल उघडून दाखव, शंभर रुपये देते. त्याने डब्याला हात लावला नाही, माझ्या फोल्डरकडे बघितलंही नाही. सरळ डी ड्राइव्हवरचा ‘स्कॅन’ फोल्डर उघडला. सासऱ्यांना सोपं जावं म्हणून प्रिंटरचं स्कॅन केलेलं सगळं मीच तिथे जायला लावलं होतं, आणि त्यात मागच्या तीन वर्षांतली अकरा जणांची पॅन कार्डं होती. आता माझे स्कॅन माझ्या खात्यात जातात, सासऱ्यांचे त्यांच्या. शंभराची नोट त्याने लगेच वसूल केली.